भिंतीला धडकलं की मोठा होणारा दिवा

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा होता. संध्याकाळी बाबांचा चंद्रपूरहून फोन आला. एरवी ते सणाच्या दिवशी फोन केला की आधी 'जेवला का' विचारतात. त्या दिवशी थेट म्हणाले, "पाहिलं काय तू?"

"काय?"

"आकाशातून काही तरी जळत गेलं ना इकडं. पूर्ण गल्ली बाहेर हाये."

मी पुण्यात होतो. माझ्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते, आकाश दिसत नाही. फोनवर व्हिडिओ यायला लागले तेव्हा कळलं. विदर्भ, उत्तर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या लोकांनी एक जळती रेघ सावकाश आकाश ओलांडताना पाहिली होती. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. रात्री बातमी आली की सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर धातूची एक भलीमोठी रिंग पडली आहे, जवळपास तीन मीटर व्यासाची. नंतर त्याच तालुक्यात धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कुणाला लागलं नाही. तुकडे पोलीस ठाण्यात नेऊन ठेवले, पुढे इस्रोचे लोक येऊन पाहून गेले. अवकाशातल्या वस्तूंचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेच अंदाज सांगितला होता, की फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चिनी 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा. वर्षभर पृथ्वीभोवती फिरून तो आमच्या धानाच्या पट्ट्यात उतरला.

वाघ, कोळसा आणि उन्हाळा सोडून दुसऱ्या कारणासाठी आमचा जिल्हा देशाच्या बातम्यांत आला, याचं मला कौतुक वाटत होतं. बाबांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "आपलं यान कुठं गेलं रे?"

घरात यान होतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ते सापडलं त्या वर्षीच्या दिवाळीत, माळ्यावर, जुन्या कूलरच्या जाळीमागे. पत्र्याचं, हातभर लांब, मूळचं चंदेरी. पोटावर लाल पट्टे, मागे तीन शेपट्या आणि डोक्यावर प्लास्टिकचा पारदर्शक घुमट. आता तो घुमट चहाच्या रंगाचा झाला होता आणि मध्यभागी थोडा वितळून खाली बसला होता. आत टॉर्चचा बल्ब. पोटाखाली दोन मोठ्या सेलची जागा, त्यात दोन सेल तसेच राहून फुटलेले. सगळीकडे पांढरी-हिरवी भुकटी. दोष सेलचा नाही, आमचाच. तीस वर्षं कुणी सेल आत ठेवतं का? कुठल्याही कंपनीचं नाव यानावर नाही. चाकाजवळ दोन-तीन इंग्रजी अक्षरं आहेत, त्यांचा अर्थ लागत नाही.

हे यान आजोबांनी घेतलं होतं. आजोबा कोळसा खाणीत होते. चैत्रात महाकालीची यात्रा भरते, झरपट नदीच्या काठी नांदेडपासून तेलंगणापर्यंतची माणसं येऊन उतरतात, आणि दुकानांच्या रांगा लागतात. १९८४च्या यात्रेत एका दुकानात सगळ्यात वर दोरीला टांगलेलं हे यान नऊ वर्षांच्या बाबांना दिसलं. त्याच आठवड्यात राकेश शर्मा अंतराळात होते. ३ एप्रिल १९८४ला 'सोयुझ टी-११'मधून ते निघाले, 'सल्युत ७' स्थानकावर राहिले आणि ११ तारखेला परत आले. रेडिओवर दुसरा विषय नव्हता. आजोबांनी एरवी घेतलं नसतं असं बाबा सांगतात. किंमत किती होती हे त्यांना आठवत नाही, पण घरी आल्यावर आजीने दोन दिवस अबोला धरला होता हे पक्कं आठवतं.

इथे एक गंमत सांगतो, पंचांगाची. १९८४चा पाडवाही २ एप्रिललाच होता. चंद्राचे महिने आणि सूर्याचं वर्ष यांचा मेळ दर एकोणीस वर्षांनी जवळजवळ जसाच्या तसा बसतो. १९८४ आणि २०२२ यांच्यात बरोबर दोन एकोणीस आहेत. म्हणून राकेश शर्मा उडाले ते पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि चिनी रिंग पडली ती पाडव्यालाच. यात गूढ काही नाही, गणित आहे. पण बाबांना यान त्याच संध्याकाळी का आठवलं, त्याला हेही एक कारण असेल. गुढी, उन्हाळ्याची सुरुवात, आणि वर पाहणारी माणसं.

खेळण्यातल्या यानांचा इतिहास पत्र्याच्या डब्यांपासून सुरू होतो. १९४५मध्ये युद्ध हरलेल्या जपानमध्ये कच्चा माल नव्हता. ओत्सू गावात मात्सुझो कोसुगे नावाच्या खेळणीवाल्याने अमेरिकी सैन्याने टाकून दिलेले रिकामे डबे गोळा केले, सरळ करून कापले आणि त्यांच्या छोट्या जीप बनवल्या. त्या इतक्या खपल्या की जपानचा खेळण्यांचा धंदा पुन्हा उभा राहिला. पन्नाशीच्या दशकात त्याच पत्र्यापासून यंत्रमानव, उडत्या तबकड्या आणि रॉकेटं निघू लागली, आणि १९५७मध्ये रशियाचा स्पुटनिक वर गेल्यावर तर जगातल्या प्रत्येक पोराला अंतराळयान हवं झालं. त्यात सेल आले, मोटर आली, आणि बल्ब आला. यान धावत नसलं तरी चालेल, पण अंधारात पेटलं पाहिजे. पेटत नाही ते यान कसलं, तो नुसता पत्रा.

तो बल्ब मी काढून हातावर घेतला तेव्हा जरा थांबलो. एक काचेचा थेंब, आत केसाएवढी तार, खाली पितळी आटे. आजोबांनी पंचवीसेक वर्षं याच जातीचा दिवा डोक्यावर लावून पोट भरलं.

खाणीतला उजेड हा सगळ्यात अवघड उजेड. भूगर्भात मिथेन असतो, आणि उघडी ज्योत म्हणजे स्फोट. हम्फ्री डेव्हीने १८१५मध्ये ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी घालून सुरक्षित कंदील केला, तो शंभर वर्षं चालला. मग १९१५च्या सुमारास एडिसनच्या बॅटरीवर चालणारा टोपीवरचा विजेचा दिवा आला. कमरेला बॅटरी, पाठीवरून वर गेलेली केबल, कपाळावर बल्ब. आमच्याकडच्या खाणींत आजोबा वापरायचे तो याचाच वंशज. पाळी सुरू होताना लॅम्प रूममधून दिवा घ्यायचा, सुटताना परत करायचा. परत न आलेला दिवा म्हणजे परत न आलेला माणूस. आजोबा त्या बॅटरीला 'बाळ' म्हणायचे. दिवसभर कमरेवर घ्यायची, आणि भिजू द्यायची नाही. संध्याकाळी त्यांना घरात बल्बचा उजेड नको असायचा, ते ओसरीत अंधारात बसायचे. मी लहान असताना मला याचा राग यायचा, कारण त्यांच्याजवळ बसून वाचता यायचं नाही.

अशा माणसाने पोरासाठी बल्ब लावलेलं यान घेतलं.

असो. माझ्या डोक्यात आलेली कल्पना सोपी होती. घुमट वितळला कारण तारेचा बल्ब तापतो. तो विजेतला फार थोडा हिस्सा उजेडात बदलतो, बाकी सगळी उष्णता. एलईडी बसवला की उष्णता गेली, सेल जास्त दिवस टिकणार, उजेड झगझगीत. बाबांना सरप्राइज. इंजिनिअर मुलगा कशाला असतो?

एलईडीची गोष्ट मला त्या निमित्ताने नीट वाचायला मिळाली. कॉलेजात आम्ही तिला एका आकृतीत आणि दोन मार्कांत संपवलं होतं. ती सुरू होते रेडिओपासून. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून लहरी पकडणारा शोधक बनवला, त्याचं अमेरिकी पेटंट १९०४मध्ये मिळालं. त्यानंतर रेडिओवाले सगळ्या तऱ्हेच्या स्फटिकांना तार टेकवून पाहू लागले. १९०७मध्ये मार्कोनींच्या कंपनीतला हेन्री राउंड सिलिकॉन कार्बाइडच्या खड्यावर असंच काही करत असताना खडा पिवळसर चमकला. त्याने एका मासिकाला दोन परिच्छेदांचं पत्र पाठवलं आणि विषय सोडून दिला. पुढे १९२०च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्ह या तरुण तंत्रज्ञाला तोच उजेड दिसला. त्याने तो सोडला नाही. त्यावर लेखांमागून लेख लिहिले आणि हा उजेड उष्णतेतून येत नाही, हे ओळखलं. त्याचं रीतसर शिक्षण अपुरं होतं, फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९४२मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला. वय अडतीस.

मग १९६२. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक याने डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला. एडिसनचा बल्ब एक दिवस जाणार आणि त्याच्या जागी हा येणार, असं त्याने तेव्हाच सांगून टाकलं होतं. तो २०२२मध्ये वारला, तोवर त्याच्या घरातले बल्ब नक्कीच बदलून झाले असतील. पण लालवरून पांढऱ्यापर्यंत यायला तीस वर्षं लागली, कारण निळा सापडत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा होत नाही. जपानमध्ये अकासाकी आणि त्यांचा विद्यार्थी अमानो यांनी गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक वाढवून दाखवले. शिकोकू बेटावरच्या निचिया या कंपनीत शुजी नाकामुरा याच पदार्थामागे लागले होते, आणि १९९३च्या शेवटी त्यांनी झगझगीत निळा एलईडी जाहीर केला. कंपनीने त्यांना बक्षीस दिलं वीस हजार येन. पुढे ते कोर्टात गेले तो भाग वेगळा. तिघांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

निचियाचा मूळ धंदा फॉस्फर बनवण्याचा, म्हणजे ट्यूबलाइट आणि टीव्हीच्या काचेला आतून लावायची पूड. निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. १९९६ला पांढरा एलईडी आला तो असा. हे वाचताय तो फोन जरा उलटा करून फ्लॅशकडे पाहा. बंद असताना तो पिवळा ठिपका दिसतो ना, तीच ती पूड.

मी पाहिलेला पहिला एलईडी नोकिया ११००च्या डोक्यावरचा. २००५नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात लोडशेडिंगची होती. आमच्या गच्चीवरून ऊर्जानगरच्या चिमण्यांचे लाल दिवे दिसायचे, आणि आम्ही काकांच्या मोबाइलच्या टॉर्चवर पाढे म्हणायचो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला २१० मेगावॅटचा संच १९८३मध्ये सुरू झाला, यान घरात आलं त्याच्या आदल्याच वर्षी. जुने दोन संच आता बंद झाले, २०१६मध्ये दोन मोठे वाढले, आज क्षमता २९२० मेगावॅट आहे. वीज इथली, राख इथली, आणि भारनियमनही इथलं. गडचिरोलीतल्या मित्रांपुढे मात्र हे रडगाणं गाऊ नये. हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प १९७३मध्ये सुरू झाला, तिथे पुढची अनेक वर्षं वीजच नव्हती. कंदिलाच्या उजेडात रोगी तपासले जायचे. भारनियमन व्हायलाही आधी भार लागतो.

तर, मी यान पुण्याला नेलं आणि ते माझ्या कपाटात दहा महिने पडून राहिलं. २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ उतरलं, त्यापाठोपाठ आलेल्या गणपतीत थर्माकोल आणि पुठ्ठ्याची चांद्रयानं गल्लोगल्ली उभी राहिली, सगळ्यांत एलईडीच्या माळा. ते पाहून मला माझं यान आठवलं.

आधी भुकटी साफ केली, व्हिनेगर आणि जुना टूथब्रश. सेलच्या जागेतली एक पट्टी गंजून तुटली होती, ती नवीन केली. मग एलईडी. पहिला मी नुसता नऊ व्होल्टच्या बॅटरीला लावून पाहिला. एक क्षण निळसर चमकला आणि मेला. तारेच्या बल्बला थोडी जास्त वीज दिली तर तापून त्याचा विरोध वाढतो, तो स्वतःला थोडंफार सांभाळतो. एलईडी सांभाळत नाही. त्याला लागतात तेवढे तीनेक व्होल्ट मिळाले की पुढच्या प्रत्येक थेंबाला तो दारं सताड उघडतो, म्हणून त्याच्या आधी रेझिस्टर बसवावा लागतो. हे मला माहीत होतं. परीक्षेतही लिहिलं होतं.

म्हणून मग मी सरळ तयार एलईडी मागवला. जुन्या टॉर्चसाठी मिळतो, तसेच पितळी आटे, आत सगळी सोय. फिरवून बसवला, नवे सेल घातले, बटण दाबलं. घुमट दवाखान्यासारखा पांढराशुभ्र पेटला. यान जागचं हललं नाही.

मोटर गेली असणार, असं मी ठरवून टाकलं. नवी मोटर मागवण्याआधी बाबांना व्हिडिओ कॉल केला. सरप्राइजचं जाऊ द्या. बाबांचं वायंडिंगचं दुकान आहे, पंखे, कूलरचे पंप, शेतातल्या मोटरी. त्यांनी यानाच्या पोटातल्या तारा पाहिल्या, पाच सेकंद.

"बल्ब अन् मोटर सिरीजमधी हाये. तू बल्ब काढून नळ बंद केला ना बाप्पा."

खरं होतं. खेळणं स्वस्त करायला त्या अनाम कारखान्याने एकच तार फिरवली होती. सेलमधून बल्ब, बल्बमधून मोटर, मोटरमधून परत सेल. मोटरला पळायला जेवढा प्रवाह लागतो तेवढा सगळा बल्बमधून जात होता. माझा एलईडी त्याच्या दहावा हिस्साही सोडत नव्हता. मी चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, आणि बल्ब काढण्याआधी तारा कुठून कुठे जातात हे पाहिलं नाही. कंपनीत आम्ही जुना कोड बदलताना हेच करतो, पण तो वेगळा लेख होईल.

दुसरा प्रयत्न मी नीट केला. बल्बच्या जागी सरळ तार जोडली, मोटरला सेलवरून थेट वीज, आणि एलईडी वेगळ्या फांदीवर. दोन सेलचे तीन व्होल्ट पांढऱ्या एलईडीला काठावर पडतात, म्हणून व्होल्ट वाढवणारं नखाएवढं मॉड्यूल घातलं. रंग दवाखान्याचा नको म्हणून पिवळसर पांढरा घेतला, जुन्या बल्बच्या जवळ जाणारा. घुमट बदलला नाही. वितळलेला असला तरी तोच ठेवला. आणि यान धावलं. जरा जास्तच जोरात धावलं, कारण बल्ब खात होता ते व्होल्टही आता मोटरला मिळत होते.

दिवाळीला चंद्रपूरला नेलं. लक्ष्मीपूजन झाल्यावर दिवे मालवून फरशीवर सोडलं. बाबा मांडी घालून बसले होते. यान खोली ओलांडून गेलं, भिंतीला धडकलं, चाकं फिरवत राहिलं. मग अडकलं. बाबांनी उचललं, पुन्हा सोडलं. पुन्हा भिंतीला.

"चांगलं झालं," ते म्हणाले. ज्या आवाजात ते दुकानात गिऱ्हाइकाला 'होते कधी कधी' म्हणतात त्याच आवाजात.

"काय झालं?"

"काही नाही. भिंतीला धडकलं की याचा दिवा मोठा व्हायचा."

मला वाटलं लहानपणीच्या आठवणी अशाच असतात, वाढलेल्या. बाबाच पुढे म्हणाले, की त्यांना वाटायचं यान भिंत पाहून घाबरतं. आजोबा म्हणायचे, नाही, ते रागावतं. यावरून दोघांचं रोज भांडण व्हायचं.

रात्री झोपताना लक्षात आलं की बाबांची आठवण वाढलेली नव्हती. ते निव्वळ भौतिकशास्त्र होतं. फिरणारी मोटर स्वतःच थोडी वीज उलट्या दिशेने तयार करत असते, त्यामुळे तिच्यातून जाणारा प्रवाह आटोक्यात राहतो. मोटर अडली की ही उलटी वीज बंद होते आणि प्रवाह एकदम वाढतो. दुकानात जाम झालेल्या पंपाचं वायंडिंग जळतं ते यामुळेच, बाबा हे रोज पाहतात. यानात तोच वाढलेला प्रवाह बल्बमधून जायचा. धावताना तो मंद नारिंगी असायचा, भिंतीला अडला की पांढरा व्हायचा. घुमट मध्यभागी का वितळला होता तेही कळलं. एका पोराने यान तासन् तास भिंतीला लावून धरलं होतं.

म्हणजे तो बल्ब नुसता दिवा नव्हता. मोटरवर किती ताण आहे हे दाखवणारा तो काटाही होता, आणि मी तो काढून एक सुंदर, थंड, बेफिकीर दिवा बसवला होता.

अशी अदलाबदल जपून करणारेही लोक आहेत, हे मला नंतर कळलं. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या एंटरप्राइझ यानाची मूळ प्रतिकृती वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे. १९६४मध्ये बनलेली, अकरा फुटांहून लांब, बरीचशी लाकडाची. तिच्यात नंतर दिवे बसवले तेव्हा सगळ्या तारा डाव्या अंगाने आत घातल्या, कारण कॅमेरा नेहमी उजवीकडून बघणार होता. ती बाजू आजही अर्धवटच आहे. पुढच्या दोन घुमटांत ख्रिसमसच्या माळेतले बल्ब होते आणि त्यांच्यापुढे मोटरवर फिरणारी पाती, म्हणून पडद्यावर तिथे काहीतरी घुसळतंय असं वाटायचं. २०१४ ते २०१६मध्ये संग्रहालयाने तिची दुरुस्ती केली आणि जुने बल्ब जाऊन एलईडी आले. पण जुन्या चित्रीकरणात दिसणारी घुसळण त्यांनी जाऊ दिली नाही. दिवा बदलला, त्याचं वागणं ठेवलं.

मीही तेच करायचं ठरवलं. बल्बच्या जागी, मोटरच्या सिरीजमध्ये, साडेपाच ओहमच्या आसपासचा एक जाड रेझिस्टर बसवला. प्रवाह वाढला की त्याच्या दोन टोकांमधले व्होल्ट वाढतात. ते मोजायला आठ पायांची एक चिप, एटीटायनी८५. तिने मोजायचं आणि त्या मापाने एलईडी कमी-जास्त पेटवायचा. कोड लिहिला तीस-पस्तीस ओळींचा. बल्ब जे काहीही न लिहिता करायचा, तेच करायला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यात वीज अजिबात वाचली नाही. आधी बल्ब जेवढी वीज खात होता, जवळजवळ तेवढीच आता तो रेझिस्टर खातो आणि तापतो, फक्त पोटाखाली, जिथे दिसत नाही. वर चिप आणि मॉड्यूल आपापला वाटा घेतात ते वेगळंच. एलईडी बसवला की बचत होते हे मी सुरुवातीला किती सहज म्हटलं होतं.

देशात मात्र बचत झाली, आणि मोठी झाली. जानेवारी २०१५मध्ये सरकारची एलईडी बल्बची योजना सुरू झाली, तीच पुढची 'उजाला'. ठोक खरेदीमुळे एका बल्बचा भाव २०१४च्या ३१० रुपयांवरून दोन वर्षांत ३८ रुपयांवर आला. छत्तीस कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. वीजबिल दाखवून आईनेही आणले होते. जिथे ६०चा बल्ब जळायचा तिथे ७ किंवा ९ वॅटचा आला. त्या फरकाचा कोळसा आमच्याच जमिनीतून निघाला नाही, याचं मला बरं वाटतं. ऊर्जानगरच्या बाजूला वाळत घातलेल्या कपड्यांवर हात फिरवून पाहिलेल्या कुणालाही वाटेल.

पण बाबांच्या दुकानात एका भिंतीवर चोक, स्टार्टर आणि ट्यूबच्या पट्ट्या लटकलेल्या असायच्या. रोज दहा माणसं ट्यूब लुकलुकते म्हणून यायची. त्यातली आता कुणी येत नाहीत. एलईडीची पट्टी गेली की लोक नवीन घेतात. बाबा तक्रार करत नाहीत. कूलर आहेत तोवर चंद्रपुरात वायंडिंगवाला उपाशी मरत नाही, असं ते म्हणतात, उन्हाळ्यात ते खरंही असतं. आता चुंबकाचे कमी विजेचे पंखे आले आहेत, त्यांच्या आत सर्किट असतं. तसला एक पंखा त्यांनी मागच्या वर्षी उघडला, बराच वेळ पाहिला आणि पुन्हा बंद करून गिऱ्हाइकाला दिला. मला ते आईने सांगितलं. मी आणलेल्या यानाला ते 'चांगलं झालं' म्हणाले तेव्हा त्यात हेही होतं का, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

२०२४च्या पाडव्याला तिसरी आवृत्ती घेऊन गेलो. दुपारी दारं-खिडक्या लावून अंधार केला. बाबांनीच बटण दाबलं. यान मंद नारिंगी उजेडात निघालं. नारिंगी एलईडीही एक जोडला होता, मंद असताना तोच जास्त पेटेल असा. खोली ओलांडली, भिंतीला लागलं, आणि घुमट पांढरा झाला.

बाबा हसले. मग यान हातात घेऊन चाक अंगठ्याने दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. कान यानाकडे, डोळे दिव्याकडे. मोटरीचं निदान ते कानानेच करतात.

"हा झटकन होते," ते म्हणाले. "तो हळूच मोठा व्हायचा. अन् सोडला की हळूच लहान."

अर्थातच. तार तापायला वेळ लागतो, निवायला त्याहून जास्त. मी लॅपटॉप काढला आणि कोडमध्ये एक ओळ वाढवली, जुना उजेड नव्याकडे हळूहळू सरकेल अशी. किती हळू, ते बाबा सांगत होते. मी आकडा बदलून चिपमध्ये भरायचो, ते चाक दाबायचे. "अजून." "आता जास्त झालं." "थोडं कमी." आईने दोनदा जेवायला हाक मारली. वाढायला एक आकडा आणि निवायला वेगळा, असं अकराव्या वेळी जमलं.

जेवण झाल्यावर पाहिलं तर टेबलावर मी ठेवलेला जुना बल्ब नव्हता. बाबांनी तो कापसात गुंडाळून दुकानाच्या गल्ल्यात ठेवला होता. अजून पेटतो तो, त्यांनी सेल लावून पाहिलं होतं.